जबानी लिहिणारे

कोर्टात दिवसभर जे बोलले जाते, त्यातले कागदावर येते तेवढेच पुढे उरते. अपील होते ते कागदावर आणि इतिहास लिहिला जातो तोही त्याच कागदावरून. म्हणून न्यायाधीश आणि वकील यांच्याइतकाच तो कागद लिहिणारा माणूस मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्याविषयी आपल्याकडे फारसे कोणी लिहीत नाही.

मराठी कोर्टाची बोली अजून अर्धी फारसी-अरबी आहे. फिर्याद, वकील, जामीन, मुद्देमाल, रोजनामा, जबानी. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला. पुढे कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने कोर्टकचेऱ्यांतून फारसी काढण्याची वाट मोकळी केली. भाषा गेली, पण शब्द राहिले. त्यांच्याबरोबर एक जुना पेशाही राहिला. मोगल काळात वाकियानवीस आणि अखबारनवीस दरबारात काय घडले, कोण काय बोलले, हे लिहून वर पाठवत. पुढे मराठी सरदारांनीही असे बातमीदार पदरी ठेवले. कोर्टाच्या बाकावर बसणारा वार्ताहर हा त्यांचाच दूरचा वारस, असे मी मानतो.

या पेशाची एक विचित्र कसोटी १८५८ साली दिल्लीत लागली. २७ जानेवारीला लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-खासमध्ये, म्हणजे ज्यांचा दरबार त्यांच्याच दरबारात, बहादूरशहा जफर यांच्यावर लष्करी आयोगापुढे खटला सुरू झाला. साक्षीदारांत जाटमल नावाचा एक बातमीलेखक होता. तो आग्र्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरसाठी किल्ल्यातल्या बातम्या लिहीत असे. बादशहाच्या दरबारातले ऐकलेले त्याने आता इंग्रजांच्या कोर्टात सांगितले. दुभाषी होते जेम्स मर्फी. ९ मार्चला निकाल लागला. शिपायांपुढे आपले काही चालत नव्हते, कोऱ्या लिफाफ्यांवर ते आपला शिक्का मारून घेत, असे बादशहांनी लेखी बचावात म्हटले. या खटल्याचे दप्तर आज वाचायला मिळते, ते इंग्रजीत. उर्दूचा एवढा मोठा शायर, आणि त्याच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची जबानी आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या भाषेतून येते!

भाषांतराचा हाच काच पन्नास वर्षांनी लोकमान्य टिळकांनाही बसला. जुलै १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात त्यांच्यावर चाललेला राजद्रोहाचा खटला ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर उभा होता. नऊ ज्यूरर, त्यांत सात युरोपियन आणि दोन पारशी. त्यांच्यापुढे गेले ते लेखांचे सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली, एकेका शब्दावर अडून बसले. त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. निकाल सात विरुद्ध दोन असा विरुद्ध गेला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण ते भाषण टिकले. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा शब्दशः वृत्तांत छापून काढला. त्यामागे लघुलेखकांची बोटे होती. त्यांची नावे कोणाच्या तोंडी नसतात.

मौलाना आझादांनी आपल्या बाबतीत ही जोखीमच ठेवली नाही. कलकत्त्यातल्या खटल्यात जानेवारी १९२२ मध्ये त्यांनी आपले निवेदन स्वतः उर्दूत लिहून कोर्टाला दिले. ‘कौल-ए-फैसल’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. शिक्षा एक वर्षाची झाली, पण शब्द त्यांचेच राहिले. ही सोय अर्थात लिहिता येणाऱ्यालाच असते.

कोर्टाचे वार्तांकन हा पूर्ण पोट भरणारा धंदा सहसा नव्हताच. चार्ल्स डिकन्सने सतरा-अठराव्या वर्षी लघुलेखन शिकून लंडनच्या डॉक्टर्स कॉमन्स कोर्टात सुट्या कामावर सुरुवात केली. काम असेल तेव्हा पैसे, नसेल तेव्हा नुसती वाट पाहणे. आपल्या तालुक्याच्या गावी आजही हे काम करणारा बहुधा दुसऱ्या कशावर तरी जगत असतो. मी स्वतः बी.एड. झाल्यावर शिक्षणसेवकाची ऑर्डर येईपर्यंत दोन वर्षे एका उर्दू दैनिकासाठी आठवड्यातून तीन दिवस कोर्टात बसत होतो. मराठीत ऐकायचे आणि उजवीकडून डावीकडे लिहायचे. मानधन रिक्षाभाड्याला पुरे.

तिथे कळले की आपल्याकडे साक्षीचा प्रत्येक शब्द टिपला जात नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायाधीश साक्ष स्वतः लिहीत किंवा सांगून लिहवून घेत, तीही सहसा निवेदनाच्या रूपात. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तरी मूळ रीत तीच आहे. साक्षीदार एक बोलतो, न्यायाधीश त्याचे वाक्य करतात, टंकलेखक ते उतरवतो. नंतर ते वाचून दाखवायचे असते.

एकदा एक म्हातारी साक्षीला उभी होती. जिना, भांडण, पडलेला माणूस. ती दखनीत म्हणाली, “उसकू धक्का लग्या.” कागदावर आले, “आरोपीने त्याला धक्का दिला.” लागणे आणि देणे यांत केवढे अंतर आहे, हे व्याकरण शिकवणाऱ्याला वेगळे सांगायला नको. त्या जिन्यावर तर त्यात एका माणसाच्या काही वर्षांचे अंतर होते. भरभर वाचून दाखवले गेले, म्हातारीने मान हलवली, अंगठा दिला. वार्ताहराला कोर्टात बोलण्याचा अधिकार नसतो. बाहेर आल्यावर मी आरोपीच्या वकिलांना गाठून सांगितले. ते म्हणाले, “मास्तर, ऐकलं मीही. उलटतपासणीत बघू.”

दुसऱ्या दिवशी माझ्या दैनिकात तिसऱ्या पानावर चार ओळी आल्या. त्यांत ‘धक्का लगा’ असेच छापले होते. कात्रण अजून माझ्याजवळ आहे. कोर्टाच्या दप्तरात मात्र ‘दिला’ आहे.