इथेनॉल पेट्रोलमध्ये, गाडा डिझेलवर

तेलासाठी परक्यांच्या तोंडाकडे पाहण्याचे दिवस इथेनॉलने संपत आणले, हे मत आज सर्वत्र रूढ झाले आहे. सभांत, कृषी प्रदर्शनांत, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ते पुन्हा पुन्हा मांडले जाते. अन्नदाता आता ऊर्जादाता होणार, हा विचार नितीन गडकरी यांनी विदर्भाच्या गावोगावी पोचवला. पूर्वपक्ष असा आहे : पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण २०१३-१४ मध्ये जेमतेम दीड टक्का होते, ते २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. परकीय चलन वाचले, मक्याला गिऱ्हाईक मिळाले, आखाताकडे जाणारा पैसा गावात वळला.

यातले बरेचसे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाला. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळले म्हणून देशाची वाहतूक परक्या तेलातून सुटली, असे होत नाही. ज्या वाशिम जिल्ह्याला ऊर्जादाता होण्याची आशा दाखवली जाते, त्याच्या दृष्टीने तर हा हिशेब उलटा बसतो.

आधी देशाचा आकडा पाहू. मार्च २०१५ मध्ये पंतप्रधानांनी दिल्लीत जाहीर केले होते की, तेलाची ७७ टक्के आयात २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी खाली आणायची. प्रत्यक्षात २०२४-२५ मध्ये आपण ८८ टक्क्यांच्या पुढे गेलो. इथेनॉलचे प्रमाण चढत होते त्याच वर्षांत परावलंबनही चढत होते. घरचे उत्पादन २०११-१२ मध्ये ३८० लाख टनांच्या आसपास होते, ते २९० लाखांच्या खाली आले. मुंबई हायची विहीर म्हातारी झाली आणि तिच्या जोडीला तेवढे मोठे दुसरे क्षेत्र सापडले नाही.

आता इथेनॉलची कमाई मोजू, तीही सरकारनेच दिलेल्या आकड्याने. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले की २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत इथेनॉलमुळे सुमारे २४५ लाख टन कच्चे तेल वाचले. आकडा ऐकायला मोठा आहे. पण देशाने एकट्या २०२४-२५ मध्ये सुमारे २,४३० लाख टन कच्चे तेल आयात केले. म्हणजे जवळपास अकरा वर्षांची सगळी बचत एकत्र केली तर ती एका वर्षाच्या आयातीचा दशांश भरते, साधारण पाच आठवड्यांचे तेल. प्रमाण आता वाढले आहे, तेव्हा पुढची बचत जास्त होईल, हे मान्य. तरी इथेनॉलच्या लिटरात पेट्रोलच्या लिटराच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रण वीस टक्के पेट्रोलची जागा घेत नाही.

याहून महत्त्वाचे हे की इथेनॉल जाते पेट्रोलमध्ये आणि देशाचा गाडा ओढते डिझेल. डिझेलचा वापर पेट्रोलच्या दुपटीहून जास्त आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन कक्षाने जानेवारी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत दिसले होते की पेट्रोलपैकी ६१ टक्के दुचाकी पितात. दुचाकी ही माणसाची सोय आहे आणि तिचे महत्त्व कमी नाही. पण दाणा, खत, औषध, सिमेंट, भाजी हे सारे दुचाकीवर येत नाही.

वाशिमचे सोयाबीनचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. उन्हाळ्यात ट्रॅक्टरने नांगरणी, मग रोटाव्हेटर. मृग लागला की ट्रॅक्टरच्याच पेरणी यंत्राने पेरणी, कारण बैलजोडी आता थोड्या दावणीला उरली आहे. त्याआधी डीएपीची पोती रेल्वेच्या रेकने धक्क्यावर उतरतात आणि तिथून ट्रकने कृषी केंद्रात येतात. दसऱ्याच्या सुमाराला सोंगणी होते, गंजी लागते आणि थ्रेशर ट्रॅक्टरच्या जोरावर फिरू लागतो. मजूर मिळाला नाही तर हार्वेस्टर, तोही डिझेलचा. मग माल मेटॅडोरमध्ये भरून वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजाच्या बाजार समितीत आणि तिथून ट्रकने तेल गिरणीकडे. पेरणीपासून पेंडीपर्यंत या दाण्याला पेट्रोलचा स्पर्श होतो तो शेतकरी मोटारसायकलवर शेतात जातो तेवढाच. मिश्रण वीसवर न्या की तीसवर, या साखळीतला एकही दुवा त्याने स्वदेशी होत नाही. खुद्द गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले की डिझेलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग साधला नाही आणि आता आयसोब्युटेनॉलवर काम चालू आहे. ते काम जरूर व्हावे. पण आज ते प्रयोगाच्या पायरीवर आहे, आणि प्रयोगाच्या भरवशावर स्वातंत्र्याची घोषणा करता येत नाही.

यावर जाणकार प्रतिपक्षी म्हणेल, पेट्रोल वाचले म्हणजे कच्चे तेलच वाचले. तसे थेट होत नाही. कच्च्या तेलाच्या एकाच पिंपातून पेट्रोल, डिझेल, विमानाचे इंधन, गॅस, डांबर सारे एकदम निघते. आपल्या रिफायनऱ्यांत सर्वांत मोठा वाटा, सुमारे चाळीस टक्के, डिझेलचा असतो. डिझेलची गरज आहे तोवर तेवढे पिंप आणावेच लागते, आणि घरात न खपलेले पेट्रोल निर्यात होते. निर्यातीने चलन मिळते, हे खरे. म्हणजे इथेनॉल पैशाचा ताळेबंद थोडा सुधारते. होर्मुझच्या सामुद्रधुनीत जहाजे अडली तर वाशिमचा ट्रक उभा राहील की नाही, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याला इथेनॉलकडे उत्तर नाही.

इथपर्यंत नुसता अपुरेपणा होता. सोयाबीनच्या भावात मात्र नुकसान दिसते, आणि ऊर्जादात्याची आरती ओवाळणारे त्याबद्दल बोलत नाहीत.

इथेनॉलसाठी मक्याची मागणी इतकी वाढली की मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका आयात करू लागला. म्यानमारमधून आणि युक्रेनमधून मका आला. परक्या तेलाची जागा घेणाऱ्या इंधनाच्या साखळीत परका मका शिरला. पण त्याहून जवळची गोष्ट मक्याच्या चोथ्याची. टनभर मक्यातून सुमारे ३८० लिटर इथेनॉल निघते आणि मागे तीन क्विंटलांच्या आसपास कोरडा चोथा उरतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. त्यात प्रथिने भरपूर असतात आणि तो सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त पडतो. कोंबडीखाद्याच्या कारखान्यांनी सोयापेंड कमी करून तो घेतला. सोयाबीनचा भाव तेलावर जितका चालतो त्याहून जास्त पेंडीवर चालतो, कारण दाण्यात तेल १८-२० टक्केच असते, बाकी पेंड. पेंडीचा उठाव मंदावला की गिरणीवाला दाण्याला हात आखडता घेतो. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारात चार हजारांच्या आसपास सौदे झाले. जगभरचे भरघोस पीक आणि स्वस्त आयात खाद्यतेल ही कारणेही तितकीच खरी, सारा दोष चोथ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्या जिल्ह्यात खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे आणि ऊस नाममात्र, तिथल्या शेतकऱ्याला इथेनॉलने ऊर्जादाता केले नाही. त्याच्या पिकाला एक नवा स्पर्धक दिला, आणि तो स्पर्धक सरकारने ठरवून दिलेल्या दराच्या आधारावर उभा आहे.

दुसरे रूढ मत असे की आता तेल विकणारे पुष्कळ आहेत, आपण चाळीसच्या घरात देशांकडून घेतो, एकाने नाही म्हटले तर दुसरा आहे. यादी लांब असणे आणि पिंपे वाटलेली असणे यांत फरक आहे. २०२१-२२ मध्ये रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, दोन वर्षांत तो एक तृतीयांशाच्या वर गेला. स्वस्त मिळाले म्हणून घेतले, यात चूक नव्हती. पण ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने याच तेलाबद्दल भारतीय मालावर आणखी २५ टक्के कर लादला आणि एकूण कर ५० टक्के झाला. कापडाची निर्यात अडचणीत आली. त्याच महिन्यात कापड धंद्याला कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले गेले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका वेचणीचा काळ. तेल रशियाचे, कर अमेरिकेचा, आणि फटका कारंजा-मानोऱ्याच्या कापसाला. परावलंबनाची किंमत पंपावरच्या दरापुरती नसते, ती अशा आडवाटेने शेतात येते.

तिसरे मत विजेच्या गाड्यांचे. त्याला माझा पाठिंबा आहे, तरी त्याच्या कैवाऱ्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मूलद्रव्यांच्या चुंबकांवर निर्यातबंधने आणली, तेव्हा बजाजसारख्या पुण्याच्या कंपनीला विजेच्या स्कूटरचे उत्पादन घटवण्याची वेळ आली. हेही परावलंबनच. पण चूल एकदा मांडली की झाली, सरपण रोज लागते. चुंबक थांबले तर नवी गाडी येत नाही, जुनी धावत राहते. डिझेल थांबले तर सारेच थांबते. दोन्ही धोके एका तागडीत घालून ‘वीज काय, तेल काय, दोन्ही परकेच’ असे म्हणणारे हा भेद विसरतात.

डिझेलच्या जोडीला आलेल्या आणखी एका वस्तूचा उल्लेख करतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकना डीईएफ लागते, शुद्ध युरियाचे पाण्यातले द्रावण, ट्रकवाले त्याला नुसते युरिया म्हणतात. ते संपले की यंत्रणा इंजिनाची ताकद काढून घेते. शेतीसाठीचा कडुनिंबाचे आवरण असलेला युरिया त्यात चालत नाही. २०२१ च्या अखेरीस चीनने युरियाची निर्यात रोखली तेव्हा दक्षिण कोरियातले ट्रकचालक या द्रावणासाठी रांगा लावून उभे होते. तिथे तेल होते, तरी ट्रक अडले.

साठ्याचीही तीच कथा. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांत देशाचा राखीव साठा आहे, क्षमता ५३.३ लाख टन, म्हणजे सुमारे साडेनऊ दिवस. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून आकडा वाढतो. पण वाशिमचा पंप त्या गुहांपासून फार लांब आहे. १ आणि २ जानेवारी २०२४ ला नव्या कायद्यातील अपघाताच्या कलमाविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि विदर्भातल्या पंपांपुढे लांबलचक रांगा लागल्या, कित्येक पंप कोरडे पडले. समुद्रात काही घडले नव्हते, युद्ध नव्हते. दोन दिवस टँकर आले नाहीत, इतकेच.

मग करायचे काय? डिझेलची गरजच कमी करणे, हाच खरा स्वदेशीचा मार्ग आहे, आणि त्याचा पहिला टप्पा रेल्वे. स्वातंत्र्यानंतर देशाची बहुतेक मालवाहतूक रेल्वेने होत होती, आज तिचा वाटा चतुर्थांशाच्या आसपास उरला आहे. रेल्वे आता जवळजवळ सगळी विजेवर आली आणि ती वीज चंद्रपूर-वणीच्या कोळशावर, पवन आणि सौर ऊर्जेवर तयार होऊ शकते. कोळसा स्वच्छ नाही, हा आक्षेप रास्त आहे. तरी तोच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकपेक्षा पुष्कळ कमी ऊर्जा लागते, आणि वीज पुढे सूर्याची होऊ शकते, डिझेल होऊ शकत नाही. आपण मात्र ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण केला, तो कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव तालुक्यांतून गेला, आणि वाशिम-बडनेरा रेल्वेमार्गाची जुनी मागणी तशीच राहिली. रस्ता नको होता असे मी म्हणत नाही. रस्त्याला मिळालेली तातडी रुळांना का मिळाली नाही, हा माझा प्रश्न आहे.

एसटीचेही तसेच. वाशिम, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा या आगारांच्या गाड्या ठरलेल्या मार्गांवर, ठरलेल्या वेळी धावतात आणि रात्री आगारात उभ्या राहतात. विजेच्या बसला याहून सोयीची व्यवस्था कोणती? पण महामंडळाने भाडेतत्त्वावर घ्यायच्या ठरवलेल्या ५,१५० विजेच्या बसपैकी वेळेत फार थोड्या आल्या. ट्रॅक्टर मात्र बराच काळ डिझेलचाच राहील, हे कबूल करावे लागते. म्हणून तर बस आणि मालगाडीत वाचेल ते डिझेल शेतासाठी राखले पाहिजे.

कारंज्यातून मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला जात असे. कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी घातलेली ही अरुंद लोहवाट. तिचे १९२१ चे मँचेस्टरचे वाफेचे इंजिन सत्तरहून अधिक वर्षे कोळशावर चालले, १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेलचे इंजिन आले, आणि आता गाडीच बंद आहे. कारंज्यात तिच्या मार्गाची जागा अजून आहे. मूर्तिजापूरला ही लोहवाट हावडा-मुंबई मुख्य मार्गाला मिळते, आणि तो मार्ग विजेचा आहे. तिथवर ब्रॉडगेज आणि वरून तार नेली, तर कारंज्याची सोयाबीन आणि कापूस डिझेलचा थेंब न जाळता नागपूरला आणि मुंबईला जाऊ शकतात. इथेनॉलच्या पुढच्या टक्क्याची घोषणा करण्याआधी या मार्गाला पैसा मिळावा, अशी वाशिमच्या लोकांनी मागणी केली पाहिजे, आणि खासदार-आमदारांनी ती संसदेत व विधानसभेत लावून धरली पाहिजे.