वाघ मोजायचा कसा?

आमच्या सत्तरीतल्या जुन्या घरात, माजघराच्या भिंतीवर, मेरवाची शिंगे टांगलेली होती. आजोबांच्या चुलत्याने मारलेला मेरू. ती गोष्ट मी लहानपणी निदान पन्नासदा तरी ऐकली असेल आणि दर खेपेला तो मेरू थोडा वाढलेला असायचा! शिंगे तीच, भिंत तीच, पण सांगणारा रंगात आला की शिंगे हातभराची दीड हाताची व्हायची. कोणी हरकत घेत नसे. शिकारीची गोष्ट अशीच सांगायची असते, हे घरात सगळ्यांना मान्य होते.

पुढे वाचनात आले की हा रोग आमच्या घरापुरता नव्हता. साहेबाच्या वाघालाही तो जडला होता. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात वाघ मारणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांत भांडणाचा मोठा विषय होता तो हाच, की मेलेला वाघ मोजायचा कसा. एक पद्धत अशी: वाघ सरळ ताणून जमिनीवर निजवायचा, नाकाच्या टोकाशी एक मेख, शेपटीच्या टोकाशी दुसरी मेख ठोकायची, वाघ बाजूला करायचा आणि दोन मेखांमधले अंतर मोजायचे. दुसरी पद्धत म्हणजे फीत नाकापासून डोक्यावरून, पाठीच्या चढउतारांवरून शेपटीपर्यंत अंगालगत फिरवायची. या दुसऱ्या मापात वाघ आपोआप काही इंचांनी लांब होतो. आता ज्याचा वाघ त्याला दुसरी पद्धत बरी वाटणार आणि शेजाऱ्याला पहिली, हे सांगायला नकोच.

अशी भांडणे मिटवायला, निदान नीट भांडायला, एक जागा लागते. ती मुंबईत तयार झाली.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ माणसे जमली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. हेतू अगदी साधा. आपापली टिपणे एकमेकांना वाचून दाखवायची, मिळालेले नमुने मांडायचे, गप्पा करायच्या. 'निसर्गाचे रक्षण' वगैरे शब्द तेव्हा त्यांच्या मनातही नसावेत. यांतल्या अनेकांच्या हाती बंदूक होती, गळ होता नाहीतर फुलपाखरांची जाळी होती.

आठांपैकी दोघे आपले होते, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, म्हणजे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे बंधू आणि १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणाऱ्यांतले प्रमुख. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे, देशी वनौषधींचे जाणकार. रखमाबाईंचे हे सावत्र वडील. ज्या खटल्याने पुढे सारा देश ढवळून निघाला, ती रखमाबाई या वनस्पतिवेड्या डॉक्टरच्या घरात वाढली. सखाराम अर्जुन १८८५ मध्ये वारले. सोसायटीचे नियतकालिक निघाले ते जानेवारी १८८६ मध्ये. ते त्यांना पाहता आले नाही.

मधल्या काळात सोसायटीला जागा दिली ती एच. एम. फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्याने, १८८४ साली, फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानात. मद्याच्या बाटल्या एकीकडे आणि पेंढा भरलेली जनावरे दुसरीकडे. गोव्याच्या माणसाला यात काही वावगे वाटायचे कारण नाही.

त्या नियतकालिकात मोठे शास्त्रीय लेख असत, पण जीव होता तो शेवटच्या संकीर्ण टिपणांत. जंगल खात्याचे अधिकारी, कलेक्टर, रेल्वेचे इंजिनिअर, चहामळेवाले, लष्करातले कप्तान असे लोक. थंडी पडली की यांची फिरती सुरू होई. तंबू, बैलगाड्या, स्वयंपाकी, पट्टेवाले असा सगळा संसार घेऊन गावोगाव मुक्काम. दिवसा कचेरीचे काम, पहाटे आणि तिन्हीसांजेला बंदूक. रात्री तंबूत कंदिलाच्या उजेडात हे लोक लिहीत: अमुक पक्षी यंदा लवकर आला, अजगराच्या पोटात हे सापडले, अमुक नदीत इतक्या पौंडांचा मासा लागला. ते टपालाने मुंबईला जाई, छापून येई, आणि दुसऱ्या टोकाला ब्रह्मदेशात बसलेला कोणी साहेब ते वाचून उलट टपाली लिही की तुम्ही म्हणता ते चूक आहे, मी स्वतः पाहिले आहे. असे कित्येक वर्षे चाले. फुशारकी मारणाऱ्याला तारीख, जागा आणि माप द्यावे लागे, ही त्यातली खरी कमाई.

सोसायटीचा पहिला सचिव आणि नियतकालिकाचा एक संपादक एडवर्ड हॅमिल्टन एटकिन. 'ईएचए' या नावाने लिहायचा. जन्म साताऱ्याचा, १८५१ सालचा, मिशनऱ्याचा मुलगा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षे लॅटिन शिकवून १८७६ मध्ये तो मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात लागला. खाराघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा असे फिरत फिरत गोव्याच्या सरहद्दीवरही त्याची नेमणूक झाली.

मीठ म्हटले की आपल्या आगरांची आठवण होते. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने गोव्याच्या मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला. करार १८८० पासून बारा वर्षे चालला आणि १८९२ मध्ये संपला. त्यानंतर सरहद्दीवर पुन्हा जकातीची नाकी उभी राहिली. घाटातली, रानातली ही नाकी म्हणजे हिवतापाची माहेरघरे. १९०२ मध्ये एटकिनला मुद्दाम पाठवण्यात आले की या नाक्यांवर ताप इतका का आहे, ते पाहा आणि उपाय सुचवा. या फिरतीत त्याला एक नवाच डास सापडला. त्या डासाला त्याचेच नाव मिळाले: ॲनॉफिलिस एटकिनाय. कोणाच्या नावाचा वाघ असतो, कोणाच्या नावाचे फूल. या बिचाऱ्याच्या वाट्याला आपल्या वेशीवरचा डास आला! पण त्याने तो आनंदाने घेतला असावा असे त्याचे लेखन वाचताना वाटते. बंगल्यातल्या मुंग्या, कावळे, बेडूक यांनाच त्याने 'सरहद्दीवरच्या टोळ्या' म्हटले आणि त्यांच्यावर पुस्तक लिहिले. तेही १८८३ चेच.

कारवारचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. आपल्या काणकोणच्या पलीकडचे हे गाव म्हणजे त्या काळी निसर्गवेड्यांचा अड्डाच झाला होता. डेव्हिडसन आणि जंगल खात्यातला बेल यांच्याबरोबर एटकिनने उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवर लिहिले. निवृत्तीनंतर इतर साहेब विलायतेला गेले, बेल कारवारातच राहिला. आणि १८९४ साली कारवारहूनच सोसायटीला भेट म्हणून आले एक गरुड धनेशाचे पिल्लू, ज्याला आपल्याकडे माडगरूड म्हणतात. त्याचे नाव ठेवले विल्यम. हा विल्यम फिप्सनच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात १९२० पर्यंत राहिला, म्हणजे सव्वीस वर्षे. सोसायटीच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे. मुंबईच्या गर्दीत एका पिंजऱ्यात आयुष्य काढलेला आपल्या रानातला पक्षी त्या संस्थेची खूण झाला, याचा अभिमान बाळगावा की वाईट वाटून घ्यावे, माझे अजून ठरलेले नाही.

पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९०८ साली एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजी स्वतः शिकारी आणि सोसायटीचे सभासद. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन मिलर्ड या सचिवाकडे पाठवले. मिलर्डने कपाटे उघडून शेकडो पक्ष्यांची कातडी दाखवली. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ते १९८७ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी आपल्या चोडण बेटावरच्या कांदळवनाला त्यांचे नाव मिळाले. पणजीहून फेरीने येणारी शाळेची पोरे तो फलक वाचतात; त्यामागे बंदुकीचा एक छरा आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. सांगायला हवे. शिकारी एका रात्रीत साधू झाले नाहीत. जनावर कमी होत चालल्याचे आधी त्यांच्याच वह्यांत दिसू लागले, कारण मोजण्याची सवय त्यांनाच होती.

ही सवय किती उपयोगी पडते याचे उदाहरण जुन्या काळातलेच पाहिजे असे नाही. कावेरीतला कुबड असलेला महसीर घ्या. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाने पकडला. जगभरचे गळवाले या माशासाठी कर्नाटकात येत. गंमत म्हणजे इतक्या प्रसिद्ध माशाला शास्त्रीय नाव नक्की कोणते, ते २०१८ पर्यंत ठरलेले नव्हते! ते ठरेपर्यंत मासा नामशेष व्हायच्या बेतात आला होता. कावेरीकाठच्या गालिबोरेच्या मुक्कामावर गळवाल्यांनी १९९८ पासून २०१२ पर्यंत, पकडून पुन्हा सोडलेल्या माशांची नोंद ठेवली होती. त्या नोंदींवरूनच अभ्यासकांना कळले की नदीत बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महसीर वाढत गेला आणि मूळचा कुबडवाला आटत गेला. गंमत म्हणून मासे धरणाऱ्यांनी वही ठेवली नसती तर हे कोणाला कळले असते?

इथे माझी एक तक्रार आहे. त्या दीडशे वर्षांच्या टिपणांत साहेबाचे नाव असते, बंदुकीचे असते, कुत्र्याचेही असते. वाघाचा माग काढणारा, हाका घालणारा, कुठल्या कोंडात मोठा मासा बसतो ते सांगणारा, तो 'एक नेटिव्ह' असतो. महाडजवळच्या वाळणकोंडात किंवा शृंगेरीला तुंगेत देवाचे म्हणून महसीर राखणाऱ्यांनी माशाचे वजन केले नाही, म्हणून त्यांची वहीही नाही. आपल्या सत्तरीत वाघ्रोला नारळ ठेवणाऱ्यांना वाघ कुठल्या वाटेने घाट उतरतो ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते मराठीत लिहून ठेवायची बुद्धी आपल्या शिकल्यासवरल्या मंडळींना झाली नाही. मग 'गोव्यात वाघ आहेतच कुठे, ते तर येऊन जाऊन असतात' असे कोणी म्हटले की आपल्याकडे दाखवायला काही नसते. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बच्चे मेलेले सापडले, तेव्हा तो पुरावा मिळाला. असा मिळायला नको होता.

आमच्या घरातल्या शिंगांचे सांगायचे राहिले. शिकारीला बंदी घालणारा कायदा १९७२ चा. पण घरातल्या अशा जुन्या वस्तू जाहीर करण्यासाठी सरकारने २००३ साली १८० दिवसांची मुदत दिली होती. काकांनी शिंगे खाली काढली, धूळ पुसली आणि वर्णन लिहायचे म्हणून शिंप्याची फीत आणून दोनदा मोजली. एकदा मेखांच्या पद्धतीने, टोकापासून बुडापर्यंत सरळ. एकदा वळणावरून फिरवून. दोन्ही मापे गोष्टीतल्या मापापेक्षा बरीच कमी भरली. काकांनी थोडा विचार केला आणि वळणावरचे लिहिले. कोणी मारला ते सगळ्यांना पाठ होते. हाका कोणी घातला होता ते मी विचारले, तेव्हा काकी म्हणाली, खालच्या वाड्यावरचा कोणीतरी असेल.