नाव कोरलेले पदक

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात एका परदेशी बाईने पसरलेल्या चादरीवर, जुन्या कुलपांच्या ढिगात मला एक चांदीचे पदक सापडले. एका बाजूस फ्रेंच प्रजासत्ताकाची मारियान, दुसऱ्या बाजूस कोरलेले एक नाव. घरी आणून मी ते समईसारखे चिंच आणि राख लावून लख्ख घासले. पदके जमवणारा कुणीही हे वाचून कपाळाला हात लावील. वर्षानुवर्षे चढलेली काळसर झाक गेली की मोल उतरते आणि अक्षरेही झिजतात, हे मला नंतर कळले.

त्या चुकीमुळेच मी या विषयाकडे वळलो. पदकाच्या कडेवर समृद्धीचे शिंग आणि चांदी या अर्थाचा फ्रेंच शब्द असला, तर ते १८८० नंतर पॅरिसच्या टांकसाळीत पडलेले. मधल्या वर्तुळातल्या सनावर मात्र भुलू नये. 'लेजियों द ऑनर' हा सन्मान नेपोलियनने १८०२ साली सुरू केला, पण तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या काळातल्या त्याच्या पदकांवर १८७० असते. शेतीसाठीच्या सन्मानावर १८८३. ही सारी स्थापनेची वर्षे, पदक मिळाल्याची नव्हेत.

आमच्या गोव्यात मान म्हटला की आधी किताब आठवतो. पेडण्याच्या देशप्रभू घराण्याला पोर्तुगालच्या राजसत्तेने व्हायकाउंट केले. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले, किताब कायद्याने गेले, लोकांच्या तोंडून मात्र गेले नाहीत. पेडण्याहून शापोरा नदी ओलांडली की कोलवाळ. तिथले वेषभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांना २०१५ साली फ्रान्सने कला आणि साहित्यासाठीचा आपला सन्मान दिला. तो घराण्याला नव्हता, त्यांच्या कामाला होता.

माझे पदक त्याहूनही साधे निघाले. १८८६ साली सुरू झालेले हे कामगारांचे पदक. एकाच मालकाकडे दीर्घकाळ राबलेल्या माणसाला ते मिळे आणि त्यावर त्याचे नाव कोरले जाई.

ते वाचताना मला माझे मामा आठवले. डिचोलीकडच्या एका खाणीवर ते एकतीस वर्षे राबले. निरोपाच्या दिवशी त्यांच्या हाती एक नारळ आणि एक पाकीट पडले. लाल धुळीने रंगलेला त्यांचा सदरा मामीने कितीदा धुतला, तरी तो पांढरा झाला नाही. २०१२ साली राज्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा टनांचे आणि कोटींचे आकडे छापून आले. खाणीवरच्या माणसांची नावे मात्र कुठे दिसली नाहीत.

देशप्रभूंचा वाडा पाहायला आजही लोक जातात, जावेच. पण कुणाच्या घरी खाणीचा जुना बिल्ला किंवा हजेरीकार्ड असेल, तर ते भंगारात घालू नका. आणि हो, चिंचेने घासूही नका.