सोहो ओसाड नव्हते

न्यूयॉर्कच्या सोहो भागातल्या आलिशान लॉफ्टच्या, म्हणजे जुन्या कारखान्यांच्या मजल्यांवर केलेल्या घरांच्या, जाहिरातीत एक कथा गृहीत धरलेली असते. ओतीव लोखंडाच्या दर्शनी भिंती असलेली ही कारखान्यांची वस्ती ओसाड पडली होती, कलावंतांनी ती हेरली, मागोमाग पैसा आला आणि पैशाने ऐतिहासिक इमारती वाचवल्या, अशी ती कथा. नगररचनेचे पुष्कळ जाणकारही हेच जरा भारदस्त भाषेत मांडतात. हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. सनावळी समोर ठेवली की तो टिकत नाही.

आधी ‘ओसाड’ हा शब्द तपासू. 1960 च्या आसपास शहरातली वजनदार मंडळी ह्या भागाला पडीक ठरवून मोकळी झाली होती. वरचेवर लागणाऱ्या आगींमुळे त्याला ‘नरकाचे शंभर एकर’ असे नावही पडले होते. पण 1963 साली नगरनियोजन आयोगासाठी चेस्टर रॅपकिन यांनी इथली पाहणी केली, तेव्हा त्यांना शेकडो छोटे कारखाने चालू स्थितीत आढळले. हजारो माणसे कामावर होती. त्यांत कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन कामगार मोठ्या संख्येने होते, बायका होत्या. हे पाडू नका, असाच रॅपकिन यांचा सल्ला होता. तरीही इमारतींची रया गेली, कारण शहराचे बलाढ्य बांधकाम-अधिकारी रॉबर्ट मोझेस यांचा दहा पदरी द्रुतगती मार्ग ब्रूम स्ट्रीटवरून जायचा होता. उद्या पाडायच्या इमारतीची डागडुजी कोणता मालक करील? तिच्यावर कर्ज तरी कोण देईल? ही अवकळा कागदावरच्या रस्त्याने आणली होती.

आता ‘वाचवले कोणी’ हा प्रश्न. डिसेंबर 1962 मध्ये नागरिकांच्या रेट्यापुढे हा मार्ग नामंजूर झाला, पुन्हा डोके वर काढून 1969 मध्ये कायमचा बारगळला. नगररचनेवर लिहिणाऱ्या कार्यकर्त्या जेन जेकब्स यांना ह्याच लढ्यात 1968 साली अटक झाली. मार्गो गेल ह्या बाईंनी 1970 मध्ये ओतीव लोखंडी वास्तुकलेच्या चाहत्यांची संस्था काढली. दगडासारखी रंगवलेली भिंत खरोखर लोखंडाची आहे, हे त्या लोहचुंबक चिकटवून दाखवीत. 1973 मध्ये सुमारे 500 इमारतींना वारसा-संरक्षण मिळाले. आलिशान लॉफ्टचा बाजार तेजीत आला तो ह्यानंतर. आधीच वाचलेल्या वस्तीचा तारणहार नंतर आलेला खरेदीदार कसा ठरतो?

शिवाय ज्या गुणांसाठी आज ह्या मजल्यांना एवढी किंमत येते, ते गुण कामाच्या गरजेतून आलेले आहेत. भार खांबांवर घेतला की भिंत खिडक्यांना मोकळी होते, आणि विजेचे दिवे येण्यापूर्वी कामगाराला उजेड खिडकीतूनच मिळायचा. तळघरापर्यंत उजेड पोचावा म्हणून पदपथावर लोखंडी चौकटी टाकून त्यांत काचेच्या जाड गोल चकत्या बसवलेल्या असत. काही ठिकाणी त्या अजून पायांखाली येतात. इमारतींपुढचे उंच धक्के माल चढवण्या-उतरवण्यासाठी होते. ब्रॉडवे आणि ब्रूम स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या 1857 च्या हॉवट इमारतीत ओटिस यांचा पहिला प्रवासी उद्वाहक बसला, तोही चिनी मातीच्या भांड्यांच्या पाच मजली दुकानात. जाहिरातीत मात्र कामगारही नसतो आणि कामही नसते.

वस्ती महाग झाल्याबद्दल कलावंतांनाच आरोपी ठरवणारा उलटा पक्षही तितकाच उथळ आहे. कलावंत जॉर्ज मॅच्युनस यांनी 1967 मध्ये 80, वूस्टर स्ट्रीट इथे कलावंतांची सहकारी इमारत सुरू केली, ती राहण्याबरोबर काम करण्यासाठी. आग लागली तर बंबवाल्यांना वर माणसे आहेत हे कळावे म्हणून दाराशी ‘ए. आय. आर.’ (आर्टिस्ट इन रेसिडन्स) अशी पाटी आणि मजल्याचा आकडा लावत. 1971 च्या नियमाने राहणे आणि काम एकत्र ठेवण्याची हीच रीत कायद्यात आणली : इथे राहायचे तर प्रमाणित कलावंतानेच, आणि घरात काम करूनच. वारशाच्या कायद्याने दर्शनी भिंत जपली, ह्या नियमाने इमारतीचा वापर जपू पाहिला. माझ्या मते सोहोच्या इतिहासातला सर्वांत शहाणा नियम हाच. तो चुकीचा म्हणून हरला नाही. त्याची अंमलबजावणीच कोणी नेटाने केली नाही.

पैशाशिवाय जुने लोखंड टिकत नाही, हा आक्षेप खरा आहे. गंज काढणे स्वस्त नाही. पण लॉफ्टच्या रूपांतरांना करसवलती देऊन त्या खर्चाचा वाटा शहरानेही उचलला. आणि मजले न विकताही इमारत टिकते. शिल्पकार डोनल्ड जड यांनी 1968 मध्ये घेतलेली 101, स्प्रिंग स्ट्रीट ही इमारत त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानाने अख्खी ठेवली, दुरुस्त केली आणि 2013 मध्ये लोकांना पाहण्यासाठी खुली केली.

हा वाद मराठी वाचकाला परका नाही. गिरण्या ‘बंद पडल्या’, मग मनोरे आले, असे गिरणगावाबद्दल सर्रास म्हटले जाते. मधले कलम गाळले जाते. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम 58 ने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि शहराचा व म्हाडाचा वाटा आटला. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. सोहोत काय किंवा परळ-लालबागात काय, वस्ती आपोआप मेली आणि बाजाराने ती जिवंत केली असे म्हणणाऱ्याने आधी ह्या कलमांचा हिशेब द्यावा.