नाव झाकलेले वाय-फाय

26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. त्याचा माग काढत पोलिस पोहोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थाचे वाय-फाय उघडे होते आणि ते वापरून मेल भलत्यानेच धाडला होता. सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी पुन्हा तेच घडले, या खेपेला चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून. 2009च्या जानेवारीत मुंबई पोलिस उघडी वाय-फाय हुडकत फिरू लागले. फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना फर्मान काढले: ग्राहकांची वाय-फाय सुरक्षित करा.

फर्मान देशभराचे होते. यवतमाळ, पुसद, वणीतल्या बीएसएनएलच्या मोडेमलाही ते लागूच. पासवर्ड घाला, हे तर खरेच. पण त्याच्या जोडीला आणखी एक सल्ला तेव्हा सर्रास मिळे: नेटवर्कचे नावच लपवून टाका.

ही युक्ती तशी जुनी. वाय-फायचे मूळ मानक 1997चे. त्यात राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव पुकारतो. या नावाला, म्हणजे एसएसआयडीला, 32 बाइटची जागा. देवनागरीत ‘यवतमाळ’ लिहिले तर त्यातले 18 बाइट तिथेच संपतात! नाव गाळून पुकारा करायची सोय मात्र मानकात नव्हती. ती कंपन्यांनी आपल्या मनाने घातली. 2001मध्ये वाय-फायच्या पहिल्या कुलपाची, डब्ल्यूईपीची, फोड जाहीर झाली, तेव्हा लोकांना हा आडोसा बरा वाटला असल्यास नवल नाही.

आडोसा कसला! एखादे ओळखीचे यंत्र जोडले गेले की ते जोडणीच्या विनंतीत नाव उघडपणे सांगते. लिनक्सवर चालणारे ‘किस्मेत’सारखे साधन नुसते ऐकत बसूनही ते टिपते. शिवाय राउटर गप्प राहिला की बोलण्याचे काम लॅपटॉपवर येते. ‘अमुक आहे का?’ असे त्याला बसस्टँडवरही विचारत राहावे लागते. म्हणजे घरात झाकलेले नाव गावभर.

लिनक्सवाल्यांची डोकेदुखी इथेच सुरू होते. फिनलंडच्या यौनी मालिनेन यांनी 2003च्या सुमारास लिहिलेला ‘डब्ल्यूपीए सप्लिकंट’ हा वाय-फाय जोडून देणारा प्रोग्रॅम साठवलेल्या नेटवर्कला आपण होऊन नावाने हाक मारत नाही. ‘स्कॅन एसएसआयडी’पुढे 1 लिहिले तरच मारतो. 2004मध्ये रेड हॅटने आणलेल्या ‘नेटवर्कमॅनेजर’मध्ये प्रत्येक जोडणीच्या नोंदीत ‘हिडन’ नावाची खूण असते. नेटवर्क उघड असताना जोडणी साठवली आणि नाव नंतर झाकले, तर ती खूण ‘नो’च राहते. पासवर्ड बरोबर, सिग्नल भरपूर, ‘ऑटोकनेक्ट’ चालू, तरी लॅपटॉप सुरू केल्यावर जोडणी आपोआप होईलच असे नाही. पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकून काही साधत नाही. ‘हिडन’ला ‘यस’ करून जोडणी नव्याने चालू करावी लागते.

तेवढ्यानेही भागले नाही तर राउटरचा चॅनेल पाहावा. 5 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात 52 ते 144 हे चॅनेल अनेक देशांत रडारसोबत वाटून घेतलेले असतात. तिथे आधी राउटरचा आवाज ऐकल्याशिवाय लॅपटॉपने हाक मारायची नाही, असा दंडक असतो. त्यामुळे नेटवर्क सापडायला वेळ लागतो. अशा वेळी राउटर 36 ते 48मधल्या एखाद्या चॅनेलवर आणून पाहतात, किंवा सरळ नाव उघडे करून डब्ल्यूपीए2चा लांबलचक पासवर्ड ठेवतात.