रॉय, अशोक (लेफ्टनंट कमांडर)

रॉय, अशोक : (मृत्यू १० डिसेंबर १९७१). भारतीय नौदलातील वैमानिक आणि वीरचक्राचे मानकरी. १९७१च्या भारत–पाकिस्तान युद्धात पश्चिम समुद्रावर कामगिरीवर असताना त्यांचे ‘आलिझे’ विमान पाकिस्तानी हवाई दलाच्या एफ-१०४ स्टारफायटर या लढाऊ विमानाने पाडले. विमानात तिघे होते : रॉय, लेफ्टनंट एच. एस. सिरोही आणि विमानकर्मी विजयन. तिघांपैकी कोणीही परतले नाही. कोशाला एकच शीर्षक लागते, म्हणून ही नोंद रॉय यांच्या नावाने आहे. ती वाचताना उरलेली दोन नावेही त्याच ओळीत वाचावीत.

रॉय ज्या पथकात होते ते नौदलाचे ३१० क्रमांकाचे हवाई पथक. त्याचे टोपणनाव ‘कोब्रा’. २१ मार्च १९६१ रोजी फ्रान्समधील इएर येथे ते उभे राहिले. त्याच महिन्यात, ४ मार्चला, बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ ही भारताची पहिली विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली होती. ‘विक्रांत’वर दोन प्रकारची विमाने असत. हल्ल्यासाठी ब्रिटिश बनावटीची सी हॉक जेट विमाने होती, तर शोधासाठी फ्रेंच बनावटीची आलिझे. सी हॉकच्या शौर्यकथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. आलिझेचे काम शोध घेण्याचे, तासन्‌तास चालणारे, आणि बहुतेक वेळा ‘काहीही आढळले नाही’ या अहवालाने संपणारे; त्यामुळे त्याच्या वाट्याला लेखणी कमी आली. रॉय यांची कामगिरी समजून घ्यायची तर आधी हे विमान समजून घ्यावे लागते.

‘आलिझे’ हा फ्रेंच शब्द. अर्थ व्यापारी वारे, म्हणजे उष्ण कटिबंधातील समुद्रावर वर्षभर एकाच दिशेने वाहणारे, शिडाच्या जहाजांना भरवशाचे वाटणारे वारे. ब्रेगे कंपनीच्या या विमानाने पहिले उड्डाण १९५६ मध्ये केले. नाकावर एक पंखा, त्यामागे रोल्स-रॉइसचे डार्ट टर्बोप्रॉप इंजिन आणि आत तिघांची जागा. एक जण विमान चालवी. बाकीचे दोघे रडार आणि इतर शोधयंत्रे सांभाळीत. रडारचा घुमट पोटातून खाली सोडता येई. पाणबुडीसाठी टॉर्पेडो किंवा पाण्याखाली फुटणारे बाँब, पृष्ठभागावरील जहाजासाठी अग्निबाण, आणि पाण्यात टाकायचे सोनोबॉय, म्हणजे पाणबुडीचा आवाज ऐकून विमानाला कळवणारी तरंगती यंत्रे, असा त्याचा सरंजाम होता. वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. पाणबुडीच्या मागावर असलेल्या विमानाला याहून अधिक वेगाची गरजच नसते. त्याला लागते ती चिकाटी : कमी इंधनात, कमी उंचीवरून, पाण्याचा एकेक पट्टा पुन्हा पुन्हा पिंजून काढण्याची क्षमता.

त्या काळच्या डिझेल-विद्युत पाणबुडीला बॅटऱ्या भरण्यासाठी ठरावीक काळाने पृष्ठभागाजवळ यावे लागे आणि श्वासनळी पाण्याबाहेर काढून इंजिन चालवावे लागे. खवळलेल्या पाण्यावर वीतभर दिसणारी ती नळी रडारवर उमटते की लाटेचा शिंतोडा उमटतो, हे ओळखणे आतल्या दोघांचे काम. वैमानिकाने विमान स्थिर ठेवायचे, ठरलेली रेघ सोडायची नाही. तिघांपैकी एकाचे लक्ष ढळले तर उरलेल्या दोघांची मेहनत वाया जाते.

१९७१च्या युद्धात ‘विक्रांत’ बंगालच्या उपसागरात होती. तिच्या एका बाष्पित्राला तडा गेलेला असल्याने वेगावर मर्यादा होती, तरीही ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले चढवले आणि आलिझेंनी समुद्रावर पहारा ठेवला. पथकाची काही विमाने मात्र पश्चिम किनाऱ्यावर तैनात होती. पश्चिमेचा समुद्र अधिक धोक्याचा होता. पूर्व पाकिस्तानात पाकिस्तानचे हवाई दल काही दिवसांतच निष्प्रभ झाले. कराचीचा हवाई तळ मात्र शाबूत होता, आणि कच्छचे आखात तिथून जेट विमानाला काही मिनिटांच्या अंतरावर. ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला (याच दिवसाच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर नौदल दिन म्हणून पाळला जातो). त्यानंतर सौराष्ट्राच्या टोकावरील ओखा बंदर पाकिस्तानी विमानांचे लक्ष्य बनले.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा समुद्र परक्या मुलखातला वाटेल. तापीकाठच्या माणसाने एवढेच लक्षात घ्यावे की खानदेशातून जाणारे तापीचे पाणी सुरतेपलीकडे खंबातच्या आखातात उतरते, आणि तिथून पश्चिमेला काठियावाडचा द्वीपकल्प ओलांडला की या नोंदीतला समुद्र सुरू होतो. काठियावाडाच्या दक्षिण टोकाला दीव, वायव्येला ओखा, त्याच्या वर कच्छ.

९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही भारतीय युद्धनौका ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र मिळाले. ‘हंगोर’ फ्रेंच बनावटीची होती आणि तिच्यासारख्या पाणबुड्या हुडकण्यासाठी घेतलेले आलिझेही फ्रेंचच. पुढचे काही दिवस भारतीय नौका आणि विमाने त्या पाणबुडीचा माग काढत राहिली, पण ती सुखरूप कराचीला पोहोचली.

‘खुकरी’ बुडाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबरला, रॉय यांचे आलिझे स्टारफायटरच्या तावडीत सापडले. पाकिस्तानी विमान विंग कमांडर आरिफ इक्बाल चालवत होते. या दोन विमानांत तुलनेला जागाच नाही. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने, ताशी २,००० किलोमीटरच्या वर जाणारे. त्याच्या पंखांचा एकूण विस्तार सात मीटरहूनही कमी. आलिझेचे पंख १५.६ मीटरचे, कमी वेगातही हवेत तरंगत राहण्यासाठी रुंद केलेले. एकाची घडण आकाशातील शत्रूला गाठण्यासाठी झालेली, दुसऱ्याची पाण्यात दडलेल्या शत्रूला शोधण्यासाठी. जेट विमान मागे लागले की अशा संथ विमानापुढे पाण्याला टेकेल इतके खाली उतरणे आणि आखूड वळणे घेत राहणे एवढाच मार्ग उरतो, कारण वेगवान विमानाला तितके आखूड वळता येत नाही. पण पाठलाग करणाऱ्याला एकच संधी पुरते.

या घटनेकडे ‘दुबळ्या विमानाचा बळी’ म्हणून पाहणे प्रस्तुत लेखकाला मान्य नाही. शत्रूची लढाऊ विमाने त्या आकाशात फिरत आहेत, हे नौदलाच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रत्येक वैमानिकाला ठाऊक होते. आपल्या विमानाची गती काय, हेही ठाऊक होते. लढाऊ विमानांचे संरक्षण दर वेळी मिळेलच असे नव्हते. तरीही पहारा थांबवता येत नव्हता. तो थांबला असता तर किनाऱ्यावरच्या नौका आंधळ्या झाल्या असत्या. रॉय, सिरोही आणि विजयन यांचे धैर्य त्या शेवटच्या काही क्षणांपुरते नाही. ते विमानात बसण्यापूर्वीच्या जाणिवेत आहे, आणि वीरचक्राचा अर्थ इथे तसाच घ्यायला हवा.

वीरचक्र हे युद्धकाळातील शौर्यासाठीचे, परमवीरचक्र आणि महावीरचक्रानंतरचे तिसरे पदक. २६ जानेवारी १९५० रोजी ते स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. पदक चांदीचे, गोल. फीत अर्धी गडद निळी, अर्धी केशरी.

रॉय यांच्या मृत्यूनंतर दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, कच्छच्या आखातावर आणखी एक विमान पडले. ते पाकिस्तानी स्टारफायटर होते आणि ते चालवत होते विंग कमांडर मर्व्हिन मिडलकोट. जामनगरहून उठलेल्या भारतीय हवाई दलाच्या ४७व्या पथकातील मिग-२१ विमानाने, वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट भारत भूषण सोनी यांनी, ते पाडले. मिडलकोटही सापडले नाहीत. पाकिस्तानने त्यांना सितारा-ए-जुरअत देऊन गौरवले. त्यांच्या घरी आणि रॉय यांच्या घरी त्या आठवड्यात आलेल्या बातमीत फारसा फरक नसावा. समुद्रावर गेलेल्या माणसाच्या घरच्यांना अग्नी द्यायला किंवा माती द्यायला काही मिळत नाही. बातमी ‘बेपत्ता’ या शब्दाने येते, आणि तो शब्द ‘मृत’ व्हायला किती दिवस, किती वर्षे लागावीत, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

आलिझे विमाने पुढे बरीच वर्षे सेवेत राहिली. ‘विक्रांत’वरून ती १९८७ मध्ये उतरली आणि १९९१ मध्ये नौदलातून निवृत्त झाली. ३१० क्रमांकाचे पथक मात्र मोडले नाही. पुढे त्याच्याकडे डॉर्निअर विमाने आली आणि समुद्रावरील टेहळणी हेच त्याचे काम राहिले. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकात (उद्‌घाटन २५ फेब्रुवारी २०१९) स्वातंत्र्यानंतर देशासाठी प्राण दिलेल्या २५,०००हून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. प्रत्यक्ष आलिझे पाहायचे असेल तर गोव्यात वास्कोजवळ बोगमाळोच्या रस्त्यावरील नौदल हवाई संग्रहालयात जावे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाच्या आवारात सी हॉक, सी हॅरियर यांच्याबरोबर एक आलिझे उभे आहे. शेजारच्या जेट विमानांपुढे ते बुटके आणि जाडजूड दिसते. त्याच्याजवळ गेल्यावर वैमानिकाची जागा तेवढी पाहून पुढे जाऊ नये. बाकीच्या दोघांच्या जागाही पाहाव्यात.