दुचाकी सहलीसाठी दिशादर्शक अ‍ॅप : निवड कशी करावी?

भिलाईतील रुआबांधा येथून बालोदजवळील तांदुला धरण किंवा कोंडागाव जिल्ह्यातील केशकाल घाट गाठताना दुचाकीस्वारांना केवळ जवळचा मार्ग पुरेसा ठरत नाही. तो सुरक्षित व आनंददायीही असावा लागतो.

गुगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये दुचाकींसाठीचा स्वतंत्र पर्याय सर्वप्रथम भारतात आणला. शहरातून बाहेर पडण्यास तो उपयुक्त आहे. मात्र त्याचा भर वेळ वाचविण्यावर असतो. भारतीय बनावटीचे मॅपल्स धोकादायक वळणे व गतिरोधकांची पूर्वसूचना देते. जर्मनीत विकसित झालेले कुर्विगर वळणदार रस्त्यांना प्राधान्य देते. परंतु असा प्रत्येक रस्ता पक्का असेलच असे नाही. जंगलपट्ट्यात मोबाइल संपर्क तुटण्याची शक्यता असल्याने ऑसमँड किंवा ऑरगॅनिक मॅप्सवर नकाशा आधीच उतरवून ठेवणे हिताचे ठरते.

कोणतेही अ‍ॅप अचूकतेची हमी देत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील बरेलीजवळ दिशादर्शकाच्या आधारे निघालेली मोटार अपूर्ण पुलावरून रामगंगा नदीत कोसळून ३ जणांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे पावसाळ्यात अनोळखी रस्त्यावर स्थानिकांकडे चौकशी करणे आवश्यक आहे.

ऑक्टोबर २०२० पासून लागू नियमांनुसार वाहन चालविताना मोबाइलचा वापर केवळ मार्गदर्शनासाठी आणि चालकाची एकाग्रता भंग न करता करता येतो. म्हणून निघण्यापूर्वीच मार्ग निश्चित करून फोन हँडलवरील धारकात घट्ट बसवावा.